पडलेली बाग आणि आजची भाकर

या वेळचं पत्र रावेर तालुक्यातून आलं आहे. थोडक्यात असं :

"मावशी, सप्रेम सलाम. माझे सासरे भुसावळला रेल्वेत होते. रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी चार एकर जमीन घेतली. आता दोघा भावांची वाटणी झाली आहे, दोघंही केळी करतात. तीन वर्षांपूर्वी आम्हाला भाव चांगला सापडला. घराला स्लॅब टाकला, गाडी घेतली, घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली, दोनशे माणसं जेवून गेली. गेल्या जूनमध्ये कापणी पंधरा दिवसांवर आलेली असताना वादळ आलं आणि वीस मिनिटांत बाग आडवी झाली. दिराची लागवड उशिराची, झाडांवर घड नव्हते, त्यामुळे त्यांची बाग बरीचशी वाचली. आमच्या डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या दोघी-तिघी म्हणाल्या, 'कुठंतरी विश्वास कमी पडला असेल. दशांश, कमाईचा दहावा भाग, देवाला नीट देत होता ना?' जाऊबाईंनी उपकारस्तुतीची सभा ठेवली तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून गेले नाही. यांचं बोलणं बंद झालंय, रात्री उशिरापर्यंत शेतात बसून असतात. पास्टर साहेब म्हणतात, सर्व स्थितीत समाधानी राहा. पण राहायचं कसं? आणि एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. भाव होता त्या वर्षीही मला समाधान नव्हतं. मोबाइलवर बऱ्हाणपूरच्या बाजारातला केळीचा भाव बघितल्याशिवाय डोळा लागत नसे. मग माझा विश्वास खरा तरी होता का? येत्या रविवारी उपासनेत साक्ष द्यायची, म्हणजे देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची, पाळी माझी आहे. उभी राहून काय सांगू?"

बाळ, सलाम. तू मला मावशी म्हटलंस, म्हणून मी 'तू'च म्हणते.

तुझ्या प्रश्नाकडे येते, पण आधी नवऱ्याबद्दल बोलू. 'रात्री उशिरापर्यंत शेतात बसून असतात' हे वाक्य वाचून मी पत्र खाली ठेवलं. बत्तीस वर्षं मी नवापूर तालुक्यातल्या मिशन दवाखान्यात नर्स होते. रात्री-अपरात्री जीपमधून आणलेले शेतकरी मी पाहिले आहेत आणि त्यांच्या बायकांचे हात धरून व्हरांड्यात बसले आहे. कितीतरी जणी हेच सांगायच्या, 'महिनाभर बोलतच नव्हते हो.' म्हणून हे आजच कर. फवारणीच्या औषधाचे डबे कुलपात टाक, किल्ली सासऱ्यांकडे दे. आणि जवळ बसून त्याला सरळ विचार, 'जीव नकोसा होतो का? तसं काही मनात येतं का?' विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो असं लोकांना वाटतं, तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. 'हो' म्हणाला तर त्याला एकटं सोडू नको आणि त्याच दिवशी जळगावच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन जा. 'नाही' म्हणाला तरी या आठवड्यात एकदा दाखवून ये. मध्येच धीर सुटला तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

यात विश्वास कमी पडण्याचा काही संबंध नाही. एलीया संदेष्टा एका झुडपाखाली बसून देवाला म्हणाला होता, 'आता पुरे, माझा प्राण घे.' एलीयापेक्षा मोठ्या विश्वासाचा माणूस आपल्या मंडळीत कोण आहे? आणि देवानं त्याला काय दिलं? बोल लावला नाही, प्रवचनही दिलं नाही. त्याला झोपू दिलं. दूतानं उठवलं तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी होतं. खाऊन तो पुन्हा झोपला, तर देवानं पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतर झालं, आणि तेही हळू आवाजात. तूही या महिन्यात नवऱ्याला एवढंच दे : वेळेवर भाकर, झोप, आणि सोबत कुणीतरी.

आता त्या दोघी-तिघींचं. दशांशाचा हिशेब विचारणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. घाबरलेली माणसं असं बोलतात. तुझ्या संकटाला काही कारण सापडलं तर आपण त्यातून सुटलो, असं त्यांना वाटतं. पण बोलणं चुकीचंच आहे. बायबलातल्या ईयोबावर संकटं आली तेव्हा त्याच्या मित्रांनी नेमका हाच हिशेब मांडला होता आणि शेवटी देवाचा राग त्या मित्रांवर झाला. पाऊस नीतिमानांवरही पडतो आणि अनीतिमानांवरही, हे प्रभूनं स्वतः सांगितलं आहे. मग वारं काय मंडळीची यादी बघून सुटतं? पंडिता रमाबाईंची आठवण काढ. आईवडील दुष्काळात उपासमारीनं गेले. १८८२ मध्ये नवरा गेला, तान्ही मुलगी पदरात. त्याच मुलीला, मनोरमेला, वाढवून मुक्ती मिशनच्या कामात उभं केलं, आणि १९२१ मध्ये तीही आईच्या आधी गेली. पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात घातली. त्यांचा विश्वास कुठं कमी पडला, हे मला त्या बायांनी सांगावं.

पास्टर साहेबांनी सांगितलेलं वचन पौलाचं आहे, फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय. 'ज्या स्थितीत मी आहे तिच्यात संतुष्ट राहण्यास मी शिकलो आहे.' मी ते हजार वेळा ऐकलं असेल. त्यातल्या 'शिकलो' या शब्दावर माझं बोट फार उशिरा थांबलं. पौल हे लिहितो तेव्हा बेड्यांत आहे, म्हातारपणाकडे झुकलेला आहे, आणि तरी 'मला मिळालं' म्हणत नाही, 'शिकलो' म्हणतो. म्हणजे एके काळी त्यालाही येत नव्हतं. इंजेक्शन देणं मी शिकले तेव्हा पहिले पंधरा दिवस पेशंटपेक्षा माझाच हात जास्त थरथरायचा. कुणी म्हणालं नाही की ही खरी नर्स नाही. तुला अजून येत नाही एवढ्यावरून तुझा विश्वास खोटा ठरत नाही.

त्या वचनात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तुझ्या पत्राच्या शेवटच्या भागाला लागते. पौल नुसतं 'उपाशी राहायला शिकलो' म्हणत नाही. तृप्त असणं आणि भुकेलं असणं, संपन्न असणं आणि ददात असणं, दोन्हीचं रहस्य मला शिकवलं गेलं, असं म्हणतो. भरल्या पोटानं कसं राहायचं हेही त्याला शिकावं लागलं! आपल्याला वाटतं, सुख काय, आलं की भोगायचं, त्यात शिकायचं काय. तू तर स्वतःच लिहिलंस की भाव होता तेव्हाही झोप नव्हती. तू हे कबूल केलंस, बाळ, ही मोठी गोष्ट आहे. मला वाटतं तुझं दुखणं वादळाच्या आधीचं आहे. चांगल्या वर्षात तुझं समाधान बऱ्हाणपूरच्या भावावर टांगलेलं होतं. भाव शंभरानं चढला की तेही चढायचं, उतरला की उतरायचं. वादळानं ते खाली पाडलं इतकंच.

मी माझ्या मायचं सांगते. आम्ही अमळनेर तालुक्यातले, कोरडवाहू. घरात मातीची कोठी होती. तळाशी हाताएवढं भोक आणि त्यात चिंधीचा बोळा. सकाळी माय बोळा काढायची, खाली सूप धरायची आणि दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, सर्रकन सुपात उतरायची. दिवसाची भाकर होईल एवढी आली की लगेच बोळा परत लावायची. मग सूप मांडीवर घेऊन डोळे मिटायची आणि अहिराणीत म्हणायची, "आजनी भाकर दिधी रे बाप, तुना उपकार." झाली प्रार्थना. त्यातली मूठभर दादर वेगळ्या डब्यात पडायची, ती रविवारी मंडळीत जायची. बाकीची जात्यात. कोठी गळ्यापर्यंत भरलेली असायची तेव्हाही सुपात रोजच्याएवढीच दादर यायची आणि प्रार्थनेत एक शब्द वाढत नसे. मला लहानपणी ते विचित्र वाटायचं. एवढी कोठी भरलीय, देवाला जरा जास्त बोल की!

मग १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा बारा वर्षांची. कोठी खडखडीत. बापू रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे, तिथं सुकडी हा कोरडा खाऊ मिळायचा. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायची. त्याची भाकर थापताना फाटायची, चव मातीसारखी, आणि लोक म्हणायचे की परदेशात हे जनावरांना घालतात. माय मिलोची पिशवी आणायची आणि आधी कोठीत ओतायची. बोळा काढायची, सूप धरायची. "आजनी भाकर दिधी रे बाप, तुना उपकार." तेच शब्द. डब्यात मूठसुद्धा पडायची, लहान मूठ, पण पडायची.

तू म्हणशील, तुमची आई देवमाणूस होती, मला नाही जमणार. तर हेही ऐक. चारा संपला तेव्हा बापूंनी बैलजोडी विकली. त्या दिवशी माय गोठ्यात गेली आणि रिकाम्या गव्हाणीवर डोकं ठेवून अशी रडली की शेजारच्या बाया धावत आल्या. संध्याकाळी चूल पेटली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बोळा काढला, सूप धरलं, प्रार्थना म्हटली. आवाज बसलेला होता, डोळे सुजलेले होते, शब्द तेच होते. आज इतक्या वर्षांनी मला कळतं, ती दुष्काळात काही नवीन शिकत नव्हती. भरल्या कोठीपाशी रोज गिरवलेलं तिला रिकाम्या कोठीपाशी आठवत होतं.

तू चांगल्या वर्षात ते गिरवलं नाहीस. मीसुद्धा नव्हतं गिरवलं. माझा मुलगा पुण्यात नोकरीला लागला, सून चांगली मिळाली, पेन्शन सुरू झाली, त्या दिवसांत माझी प्रार्थना अशी लहान झाली की नाव घ्यायला नको. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात आगूर नावाचा माणूस देवाला म्हणतो, मला दारिद्र्य देऊ नको आणि श्रीमंतीही देऊ नको, माझ्या वाट्याची भाकर दे. श्रीमंती का नको? तर पोट भरलं की मी म्हणेन, परमेश्वर कोण? त्याला दोन्हीकडची भीती कळली होती. आपल्याला एकीकडचीच कळते.

तुझ्या नवऱ्याबरोबर तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला फिरले असतील. किती खोडं मोडली, किती उपटली, किती घड भरलेले होते. दोन एकर म्हणजे तीन हजारांच्या आसपास खोडं असतील. ती एकेक करून मोजली जाताना बघणं काय असतं, ते मी केळी न करताही समजू शकते. म्हणून तुझ्यासाठी बायबलातला हबक्कूक संदेष्टा. त्याचं तीनच अध्यायांचं छोटं पुस्तक आहे. शेवटी तो काय करतो माहीत आहे? पंचनामा करतो. अंजिराला फूल नाही. द्राक्षवेलीला फळ नाही. जैतुनाचं उत्पन्न बुडालं. शेतात अन्न नाही. मेंढवाड्यात मेंढरं नाहीत. गोठ्यात गुरं नाहीत. सहा बाबी, एकही लपवलेली नाही, 'एवढं काही वाईट नाही झालं' असं एकदाही म्हटलेलं नाही. आणि मग म्हणतो, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन.

तो 'तरी' पंचनाम्यानंतरच येतो. तू पंचनामा न करताच 'तरी' म्हणायला बघते आहेस, म्हणून तो घशात अडकतो. नवरा-बायको एका संध्याकाळी बसा आणि काय गेलं ते सगळं मोजा. घड गेले. कर्ज अंगावर आलं. मुलांच्या फीचे पैसे गेले. दिराकडे बघताना पोटात गोळा येतो, तेही लिही. देवासमोर मोठ्यानं वाचा. रडू आलं तर येऊ दे, स्तोत्रसंहितेत 'हे परमेश्वरा, कोठवर?' असं विचारणारी गाणी काही कमी नाहीत. 'तरी' त्या दिवशी आला नाही तर जबरदस्तीनं आणू नका.

एक गोष्ट मला अगदी स्पष्ट सांगायची आहे, कारण आपल्या माणसांत यावर फार गोंधळ आहे. समाधानी राहायचं म्हणजे हात बांधून बसायचं नाही. फळपीक विमा काढला असशील तर कागद घेऊन बँकेत आणि तालुका कृषी कार्यालयात खेटे घालत राहा. सोसायटीत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाचं विचार. जुन्या खोडांची पिलं ठेवून त्यांचंच पीक, म्हणजे पीलबाग, घ्यायची की सगळं काढून नवी लागवड करायची, हे शेजाऱ्यांच्या सल्ल्यावर न सोडता जाणकाराला शेत दाखवून ठरवा. पौल समाधानी होता, आणि त्याच पौलानं फेस्त या रोमी सुभेदारासमोर उभं राहून कैसराजवळ, म्हणजे सम्राटाजवळ, न्याय मागितला. हक्क सोडला नाही. फिलिप्पैकरांनी त्याला तुरुंगात मदत पाठवली तीही त्यानं परत केली नाही, 'माझ्या संकटात भागीदार झालात हे चांगलं केलं' असं लिहिलं. त्या काळचे स्टोइक तत्त्ववेत्ते समाधानासाठी जो शब्द वापरायचे, त्याचा अर्थ होता कुणाचीही गरज नसलेला माणूस. पौलानं तोच शब्द घेतला आणि पुढच्याच ओळींत सांगून टाकलं की माझं बळ माझं नाही, ख्रिस्त मला सामर्थ्य देतो. तेव्हा मंडळीतून कुणी किराणा आणून दिला तर घे. 'आम्हाला गरज नाही' म्हणू नको. गरज आहे.

आता जाऊबाई. तुला लाज वाटते आहे हे पत्रात दिसतं. स्तोत्र ७३ वाच, आसाफाचं. दुसऱ्यांची भरभराट बघून माझे पाय घसरता घसरता राहिले, असं तो उघड लिहितो, आणि ते बायबलात ठेवलेलं आहे. तुझी जाऊ काही वाईट नाही, आसाफाला ज्यांचा हेवा वाटला ते तर दुष्ट होते, एवढाच फरक. सभेला गेली नाहीस, झालं ते झालं. या आठवड्यात दुपारची जा, चहाच्या वेळी. खोटं अभिनंदन करू नको. 'त्या दिवशी डोकं दुखत नव्हतं, मला यायला जमलंच नाही' एवढं सांग. माझा अंदाज आहे, तीसुद्धा इतके महिने तुझ्यासमोर यायला घाबरत असेल. ज्याची बाग उभी राहिली त्यालाही पडलेल्या बागेशेजारून रोज जावं लागतं.

मोबाइलवरचा भाव बघायचा बंद कर असं मी म्हणणार नाही, केळी करायची तर भाव बघावा लागेल. फक्त दिवसा बघ. रात्री भाकरी झाल्या की परातीतलं उरलेलं पीठ डब्यात टाकताना दोन मिनिटं थांब आणि आज जे मिळालं ते देवाला नाव घेऊन सांग. पुन्हा चांगलं वर्ष येईल तेव्हा हे सोडू नको. तेव्हाच जास्त धर.

रविवारची साक्ष लांब करू नको. काही विजयाचं सांगायलाच हवं असं नाही. उभी राहा आणि म्हण, "आमची बाग पडली. आम्हाला फार दुःख झालं आहे, अजून आहे. भाव होता तेव्हा मी देवाला विसरले होते, तेही मला दिसलं. आज घरात भाकर आहे, त्याबद्दल उपकार मानते. यांच्यासाठी प्रार्थना करा." आणि खाली बस. टाळ्या वाजल्या नाहीत तर न वाजोत. त्या बाकांवर आणखी दोन-चार घरांच्या बागा पडलेल्या असतील. उपासना सुटल्यावर त्यांच्यातली एखादी तुझ्याजवळ येईल, तेव्हा घाईनं निघू नको.

ओपीडीत केसपेपर काढायला रांग असते, सकाळी लवकर निघा. डबा बरोबर ठेव. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
मावशी